एकाच पुस्तकात संपणाऱ्या प्रेमकथेची बाजू

कुणी वाचकाने "एकाच पुस्तकात संपेल अशी प्रेमकथा सुचवा, फँटसी असेल तर फारच छान" असे विचारले की उत्तरे ठरल्यासारखी येतात. पहिली दोन-तीन हमखास मालिकांची असतात. सोबत पुस्ती जोडलेली असते, की तसे पाच भाग आहेत, पण पहिला एकटाही वाचता येतो. विचारणाऱ्याने आपली अट पुन्हा सांगितली की वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हल्ली कुणाला धीरच उरलेला नाही, मोठे काही वाचायची तयारी नाही, म्हणून अशा मागण्या येतात. दुसरी म्हणते, मालिका म्हणजे वाचकाचा खिसा रिकामा करण्याची युक्ती. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि ज्याने पुस्तक मागितले तो रिकाम्या हाताने परत जातो. हा सगळा वाद भलत्याच जागी चालला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पुस्तकात पुरी होणारी प्रेमकथा मालिकेची आखूड आवृत्ती नसते. तो वेगळ्या घडणीचा प्रकार आहे, कारण त्यात लेखक पहिल्याच पानावर वाचकाला शेवटाचे वचन देतो. ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती ठेवणारा वाचक त्या वचनाला जामीन राहतो. म्हणून 'स्टँडअलोन', म्हणजे एकाच पुस्तकात पुरी होणारी कथा, या अटीकडे काणाडोळा करणे म्हणजे समोरच्याचा प्रश्नच न ऐकणे.

धीराचा आरोप आधी तपासू. मालिका वाचणाऱ्याला दुसऱ्या भागापासून सगळे ओळखीचे असते. नायिकेचा स्वभाव, राजघराण्यांची भांडणे, जादूचे नियम, कोण कुणावर का रागावले आहे, हे सारे त्याला आधीच ठाऊक असते. स्वतंत्र कादंबऱ्या वाचणारा मात्र दर वेळी कोऱ्या पाटीने बसतो. पाच भागांची एक मालिका आणि पाच स्वतंत्र कादंबऱ्या यांची पाने मोजली तर सारखीच भरतील, पण दुसऱ्या वाचकाने पाच वेळा नव्या जगाची वाट शोधलेली असते, पाच वेळा अनोळखी माणसांवर जीव लावलेला असतो आणि पाच वेळा निरोपही घेतलेला असतो. यात आळस कुठे आला? एखाद्याला एकाच घरात दीर्घकाळ राहणे आवडते, एखाद्याला नवी घरे पाहणे आवडते; यांतला कोण जास्त चिकाटीचा, हे पानांच्या संख्येवरून ठरवता येत नाही.

लोभाचा आरोपही असाच अर्धवट आहे. मालिकेमुळे लेखकाला पुढच्या पुस्तकाचा वाचक मिळण्याची थोडी शाश्वती असते, प्रकाशकाची जोखीम कमी होते, आणि लिहून पोट भरणाऱ्याने तो आधार शोधला तर त्याला दोष कसा द्यायचा? शिवाय बाजाराने लादलेल्या साच्यातही चांगले लेखन होते, याला इतिहास साक्षी आहे. १८४२ साली चार्ल्स एडवर्ड मुडी यांनी लंडनमध्ये वर्गणीचे वाचनालय काढले. वर्षाला एक गिनी (म्हणजे एकवीस शिलिंग) भरा आणि एका वेळी एक खंड न्या, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. सामान्य माणसाला ती विकत घेणे परवडत नसल्याने वाचनालय हाच मोठा गिऱ्हाईक, आणि तीन खंड असले की एकच कादंबरी एका वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरत राही. मग कथा दीड खंडाची असली तरी लेखकाने ती तीन खंडांपर्यंत ताणायची. 'जेन एअर' १८४७ मध्ये अशीच तीन खंडांत आली, आणि तिच्यातले काही उणे झाले असे कुणी म्हणणार नाही. पण १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या दोन बड्या वाचनालयांनी एका खंडाला चार शिलिंगांहून अधिक देणार नाही असे जाहीर केले, आणि पुढच्या काही वर्षांत तीन खंडांची कादंबरी जवळजवळ नाहीशी झाली. जी लांबी कथेची स्वाभाविक गरज म्हणून मिरवत होती, ती बऱ्याच अंशी वाचनालयाच्या फळीची गरज होती.

खंडांची संख्या हा मात्र खरा निकष नव्हे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन खंडांत आली, १९५४ आणि ५५ मध्ये, तरी टॉल्किन यांच्या लेखी ती एकच कादंबरी होती; युद्धानंतरच्या काळात कागद महाग, छपाई महाग, म्हणून तिचे तीन तुकडे झाले. तेव्हा एका पुस्तकात संपणारी कथा मागणारा माणूस शिलाई किती ठिकाणी आहे हे विचारत नसतो. एकदा मांडलेला प्रश्न त्याच हाताने, त्याच दमात सोडवला आहे का, हे त्याला हवे असते.

प्रेमकथेच्या बाबतीत हे जास्त का महत्त्वाचे ठरते, याचे उत्तर या प्रकाराच्या व्याख्येतच आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेने रोमान्स कादंबरीसाठी दोनच गोष्टी आवश्यक मानल्या: मध्यवर्ती प्रेमकथा, आणि मनाला समाधान देणारा, आशादायी शेवट. म्हणजे निम्मी व्याख्या शेवटानेच व्यापली आहे. ही कसली व्याख्या, शेवट ठाऊक असेल तर वाचायचे कशाला, असे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. पण गुप्तहेरकथेत खुनी सापडणार हेही ठाऊक असतेच की. तिथे एकच गुप्तहेर पन्नास पुस्तकांत वावरू शकतो, त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण प्रत्येक पुस्तकात एक गुन्हा उलगडून संपतो. खून पहिल्या पुस्तकात आणि खुनी चौथ्यात, असे कुणी खपवून घेईल का? प्रेमकथेच्या वाचकाने मात्र तेवढे सोसावे, अशी अपेक्षा सर्रास केली जाते.

प्रेमकथेचा प्रश्न एकच असतो. ही दोन माणसे एकमेकांपर्यंत कशी पोचतील आणि त्यासाठी त्यांना काय सोडावे लागेल? त्याच जोडीबाबत हा प्रश्न दुसऱ्यांदा तितक्याच जोराने विचारता येत नाही. एकाच जोडीवर चार-पाच भाग लिहायचे ठरवले, की लेखकापुढे दोन वाटा राहतात. उत्तर रोखून धरायचे, नाहीतर मिळालेले उत्तर मोडायचे. रोखून धरायचे तर न पोचलेले निरोप येतात, भलत्या वेळी उघडलेले दार येते, एका वाक्यात मिटला असता असा गैरसमज तीनशे पाने जगतो. मोडायचे तर स्मृतिभ्रंश, अपहरण, शाप. हे सारे उत्तम वठवणारे लेखक आहेत, ते मी नाकारत नाही. पण सराईत वाचकाला फार वेळा त्यामागची गरज दिसते. नायक आज खोटे बोलला कारण त्याचा स्वभाव तसा आहे, की अजून दोन भाग भरायचे आहेत म्हणून, ही शंका एकदा मनात आली की त्या माणसावरचा विश्वासच उडतो, आणि विश्वास उडालेल्या माणसाच्या प्रेमात वाचक पडू शकत नाही.

रोमान्सच्या लेखकांनी यावर आपला तोडगा केव्हाच काढला आहे. मालिका एका घराण्याची किंवा एका गावाची ठेवायची आणि दर पुस्तकात नवी जोडी आणायची. जूलिया क्विन यांनी ब्रिजर्टन कुटुंबातल्या आठ भावंडांवर २००० ते २००६ या काळात आठ कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत एकाचे प्रेम पुरे होते. हा सौदा प्रामाणिक आहे, आणि स्टँडअलोनचा हट्ट धरणाऱ्यांनी त्याला कमी लेखू नये. सुचवताना फक्त तसे सांगावे. प्रेम या पुस्तकात पुरे होईल, पण आधीच्या जोड्या पाहुण्यासारख्या येत-जात राहतील, त्यांचे काय झाले ते आपोआप कळेल.

फँटसी या वादात आली की पारडे बदलते, आणि समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा इथेच आहे. नवे जग उभे करायला जागा लागते. तिथला भूगोल, देव, सत्ता, जादूची किंमत हे सगळे वाचकाच्या अंगवळणी पडल्याशिवाय त्या जगातला धोका खरा वाटत नाही, आणि धोका खरा वाटल्याशिवाय त्या धोक्यात केलेले प्रेमही खरे वाटत नाही. त्यात स्लो बर्नची, म्हणजे सावकाश फुलत जाणाऱ्या प्रेमाची आवड असेल, तर दोन वैरी एकमेकांकडे सरकायला खरोखरच पानांची गरज असते. घाईत उरकलेली फँटसी प्रेमकथा वाईट असते, हे मी बिनशर्त मान्य करतो. चाळीस पानांत राज्य कोसळते, साठ पानांत शत्रुत्व विरघळते आणि शेवटच्या प्रकरणात सगळे देव एकदम प्रसन्न होतात, अशा पुस्तकांनी या प्रकाराचे नाव पुरेसे खराब केले आहे.

मला पटत नाही तो पुढचा निष्कर्ष: म्हणून फँटसी प्रेमकथा मालिकेतच शोभते. 'ब्यूटी अँड द बीस्ट'चा इतिहास पाहा. फ्रान्समध्ये मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये ती कथा भल्या मोठ्या आकारात लिहिली. तिच्यात शाप सुटल्यानंतरही कथा थांबत नाही. पऱ्यांची आपसातली वैरे, राजपुत्राचे बालपण, नायिकेच्या जन्माचे रहस्य, ती प्रत्यक्षात राजाची आणि परीची मुलगी कशी, हे सगळे विस्ताराने येते. आजच्या भाषेत म्हणायचे तर पूर्वकथांचे दोन भाग तिने त्याच पुस्तकात जोडले होते. १७५६ मध्ये लप्रँस द बोमाँ यांनी ते सारे काढून टाकले आणि श्वापदाचा वाडा, गुलाब, मुलीचा शब्द आणि तिचे परतणे एवढेच ठेवले. जगाने लक्षात ठेवली ती ही दुसरी कथा. या कापाकापीत नुकसानही झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. व्हिलनव्ह यांचे श्वापद दररोज रात्री नायिकेला शय्येबद्दल विचारते, बोमाँ यांचे लग्नाबद्दल विचारते. मुलांसाठी कथा सभ्य करताना स्त्रीच्या संमतीचा उघडा, अस्वस्थ करणारा प्रश्न झाकला गेला. तरीही पऱ्यांच्या राजकारणाची आठवण कुणाला येत नाही, याचा अर्थ काय? ते जग मोठे होते, पण त्या मोठेपणाचे त्या दोघांच्या प्रेमाशी काही देणेघेणे नव्हते.

जग प्रेमाच्या कामाला कसे लागते, ते पाहायचे तर महाभारतातल्या वनपर्वाइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. आपल्याकडच्या सर्वांत अवाढव्य ग्रंथाच्या पोटात नल-दमयंतीचे आख्यान आहे, आणि ते संपूर्णपणे एकटे उभे राहते. पांडव कोण, कौरव कोण हे ठाऊक नसलेल्यालाही ते पंचवीस-तीस अध्यायांत पुरेपूर मिळते. त्यात फँटसी किती आहे बघा: बोलणारा हंस, चार लोकपाल, अंगात शिरणारा कली, दंशाने रूप पालटवणारा कर्कोटक नाग. पण यातली एकही गोष्ट केवळ नवलाईसाठी आलेली नाही. स्वयंवराच्या मंडपात दमयंतीपुढे पाच नल उभे राहतात, कारण इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नलाचेच रूप घेतलेले असते. ती देवांनाच शरण जाऊन खूण मागते. मग तिला दिसते की चौघांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातल्या माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याला सावली आहे, अंगावर धूळ आहे, घाम आहे, त्याची माळ सुकलेली आहे. ती पाचव्याला माळ घालते. देवांच्या देहाचे सगळे नियम एवढ्या एका प्रसंगात सांगून होतात, आणि सांगता सांगता ते प्रेमाचे विधान होऊन जातात: जो कोमेजतो, थकतो, मळतो, तोच मला हवा.

आणि कथा तिथे थांबत नाही. द्यूतात सर्वस्व हरलेला नल दमयंतीला रानात झोपलेली सोडून जातो. कर्कोटकाच्या दंशाने तो कुरूप होतो आणि बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी बनतो. आता दमयंतीपुढे पहिल्या प्रश्नाची उलटी बाजू येते. तेव्हा पाच जणांची रूपे एक होती आणि त्यांतला खरा ओळखायचा होता. आता खरा एकच आहे आणि त्याचे रूपच त्याचे नाही. ती केशिनी या दासीला पाठवते, बाहुक स्वयंपाक कसा करतो हे पाहायला लावते, त्याने शिजवलेले मागवून चाखते, मुलांना पाहून त्याची काय अवस्था होते याची चौकशी करते. डोळ्यांनी जे ओळखता येत नाही ते ती सवयींवरून, चवीवरून, अश्रूंवरून ओळखते. एकच प्रश्न दोनदा विचारला, दुसऱ्यांदा अधिक खोल, आणि दोन्हींची उत्तरे एकाच आख्यानात. जादू जेवढी प्रश्नाला लागते तेवढीच. याच्या पुढे दुसरा भाग लिहायचा म्हटले तर त्यात काय विचारणार?

याच आख्यानातून दुसऱ्या एका आक्षेपाचे उत्तर मिळते. खरे प्रेम मीलनानंतर सुरू होते, स्वतंत्र कादंबरी नेमकी त्या उंबरठ्यावर पाठ फिरवते, एकत्र जगण्याचे कष्ट दाखवायचे धाडस फक्त मालिकेत असते, असे म्हटले जाते. हा आक्षेप मनाला लागतो, कारण तो पुष्कळ पुस्तकांबाबत खरा आहे. लग्न किंवा कबुली झाली की पडदा पाडण्याची सवय जुनी आहे. श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरिता'च्या उपलब्ध बावीस सर्गांत नल-दमयंतीचे मीलन आणि सहवासाचे सुख आहे, पण द्यूत आणि रान येतच नाही. रघुनाथ पंडितांचे आपले मराठी आख्यानही स्वयंवराभोवतीच फिरते. पण व्यासांच्या कथेत विवाह लवकर उरकतो आणि कथेचा मोठा वाटा त्यानंतरचाच आहे. म्हणजे मीलनानंतरचे आयुष्य एका कथेत मावत नाही असे नाही; ते मावण्यासाठी लेखकाने कथा कुठून सुरू करायची याचा विचार करायला हवा. उलट, मालिका लांबली म्हणून ती त्याच जोडप्याच्या सहजीवनात खोल शिरतेच असेही नाही. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ मध्ये आली, ऐयारी (वेषांतर आणि हेरगिरी) आणि तिलिस्म (जादूचे भुलभुलैये) यांनी भरलेली, चार भागांची. तिच्यातली प्रेमकथा लग्नाने पुरी झाली. त्यानंतरच्या 'चंद्रकांता संतती'चे चोवीस भाग झाले, आणि त्यांची सूत्रे मुलांच्या पिढीकडे गेली. चोवीस भागांना पुरेल असा प्रश्न त्या पहिल्या दोघांपाशी उरलेलाच नव्हता, आणि खत्रींनी तो ओढूनताणून उभा केला नाही, हे त्यांचे शहाणपण.

मग पात्रांचा लळा लागतो त्याचे काय? पुस्तक मिटल्यावरही ती माणसे हवीशी वाटतात, हा अनुभव मालिकावाल्यांइतकाच आमचाही आहे. जेन ऑस्टिन यांच्या भाच्याने लिहिलेल्या आठवणींत एक सुंदर नोंद आहे. घरच्यांनी विचारले तर त्या आपल्या पात्रांचे पुढे काय झाले ते सांगत. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या किटीचे लग्न पेंबर्ली या नायकाच्या वाड्याजवळच्या एका पाद्र्याशी झाले, मेरीला मावशीच्या यजमानांच्या कचेरीतल्या एका कारकुनावर समाधान मानावे लागले, वगैरे. म्हणजे लेखिकेच्या मनात ती माणसे जगतच होती. त्यावर दुसरी कादंबरी लिहावी असे तिला वाटले नाही, कारण कादंबरीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन झाले होते. उरलेले घरगुती गप्पांत सांगण्यासारखे होते. पुस्तक संपल्यावर वाचकाने मनात रचलेले पुढचे दिवस हीसुद्धा त्या कथेचीच देणगी आहे. ती छापून मिळालीच पाहिजे असा आग्रह कशासाठी?

अपुऱ्या मालिकांचा विषय मात्र भावनेवर सोडता येत नाही. एखादी मालिका तिसऱ्या भागानंतर थांबते. लेखकाची प्रकृती, प्रकाशकाचा निर्णय, कमी खप, कारणे अनेक असतात आणि त्यात बहुतेक वेळा कुणाची लबाडी नसते. वाचकाच्या मनात मात्र ती दोन माणसे कायमची दरवाज्यात अडकून राहतात. हे दुःख काही आजचे नाही. सातव्या शतकात बाणभट्टाने 'कादंबरी' लिहायला घेतली. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता, गंधर्व, शाप, जन्मजन्मांतरे. फँटसी प्रेमकथेचा यापेक्षा भव्य पट भारतीय वाङ्मयात शोधावा लागेल. ती पुरी होण्याआधी बाण गेला. उत्तरार्ध त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहिला, आणि आरंभी कारण सांगितले: वडील गेल्यावर कथेचा धागा तुटला, ती अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वापोटी नव्हे. त्याचा उत्तरार्ध वडिलांच्या तोडीचा नाही, असे पुष्कळ जाणकारांनी म्हटले आहे. असेल. पण प्रेमकथा अपुरी ठेवणे ही वाचकाला झालेली इजा आहे, हे त्याला कळले होते, आणि ज्याने कथा मागताना 'पुरी झालेली द्या' म्हटले त्याला अधीर ठरवणाऱ्यांनी ते वाक्य वाचावे.

सुचवणाऱ्याची जबाबदारी इथे सुरू होते. नलाची कथा महाभारतात येते तीच मुळी सुचवणूक म्हणून. द्यूतात राज्य गमावून वनात बसलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका दुर्दैवी राजा कधी पाहिला किंवा ऐकला आहे का? बृहदश्व त्याला अशी कथा देतात जिच्यातला राजाही द्यूतातच हरला, त्याने युधिष्ठिराहून अधिक गमावले, आणि तरी त्याला सगळे परत मिळाले. त्या ऋषींना ठाऊक असलेल्या कथांची यादी केवढी असेल! त्यांनी आपल्या आवडीची काढली नाही, समोरच्याच्या गरजेची काढली. आणि ती त्याच बैठकीत पुरी केली, कारण खचलेल्या माणसाला अर्धी कथा देऊन उठणे क्रूरपणाचे झाले असते. परीक्षा देऊन थकलेला, आजारी माणसाच्या उशाशी बसलेला, मोठ्या मालिकेच्या अपेक्षाभंगातून नुकताच बाहेर पडलेला, असा कुणीही स्टँडअलोन मागत असेल. त्याने कारण सांगितलेच पाहिजे असे नाही. अट सांगितली, एवढे पुरे.

त्या अटीला नीट उत्तर द्यायचे तर 'एकच पुस्तक आहे' एवढे सांगून भागत नाही. फँटसी प्रेमकथेत दोन धागे असतात, त्या दोघांचा आणि त्या जगावरच्या संकटाचा, आणि दोन्ही एकत्रच संपतील असे नाही. प्रेम पुरे झाले पण युद्ध टांगलेले, किंवा युद्ध जिंकले पण दोघे दोन तीरांवर, असे असेल तर आधी सांगायला हवे. शेवट सुखाचा आहे का हेही सांगावे. त्याने रसभंग होत नाही, कारण प्रेमकथेतली उत्सुकता 'कसे' यात असते. आणि प्रेमाला पुस्तकात किती जागा आहे, हे तर सांगितलेच पाहिजे.

नाओमी नोविक यांची 'अपरूटेड' (२०१५) मी मनापासून सुचवते. विज्ञानकथा आणि फँटसीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळालेली ही कादंबरी एकाच पुस्तकात पुरी होते, आणि तिच्यातले दुष्ट अरण्य विसरता येत नाही. पण ज्याला पानोपानी प्रेमच हवे, त्याला मी बजावते की अरण्य आणि जिवाभावाची मैत्रीण यांनी इथे प्रियकरापेक्षा जास्त जागा घेतली आहे. एरिन मॉर्गेनस्टर्न यांची 'द नाइट सर्कस' (२०११) जग आणि प्रेम यांच्यातले भांडणच मिटवते. दोन जादूगार एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत, सर्कशीतला एकेक नवा तंबू म्हणजे एकाची दुसऱ्यासाठीची खेळी, आणि हळूहळू त्या खेळी प्रेमपत्रे होतात. वाचक त्या जगात जितका खोल जातो तितकाच प्रेमात जातो. मात्र ती दोघे फार काळ एकमेकांपासून लांब असतात. चटपटीत संवाद आणि नोकझोक हवी असणाऱ्याला ती थंड वाटेल. विल्यम गोल्डमन यांची 'द प्रिन्सेस ब्राइड' (१९७३) चित्रपटाच्या ओळखीवर कुणी बिनधास्त सुचवेल, पण चित्रपटाइतका निश्चिंत शेवट कादंबरीत नाही. आणि रॉबिन मॅकिन्ले यांचे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे. 'ब्यूटी' (१९७८) या कादंबरीत त्यांनी श्वापदाचीच कथा पुन्हा सांगितली. पुढे १९९७ मध्ये 'रोज डॉटर' लिहिताना त्या तिच्याकडे परतल्या, तेव्हा त्यांनी पहिल्या पुस्तकाचा दुसरा भाग लिहिला नाही. तीच कथा आरंभापासून, नव्या माणसांनिशी, पुन्हा सांगितली. दोन्ही पुस्तके आपापल्या पायांवर उभी आहेत. कुठलेही एक घ्या.

'पहिला भाग एकटा वाचता येतो' या वाक्याबद्दल मी कठोर आहे ती यामुळेच. ते कधी कधी खरे असते. पहिले पुस्तक यशस्वी होईल की नाही हे ठाऊक नसताना लेखकाने ते पुरे करून ठेवलेले असते आणि पुढचे भाग नंतर सुचलेले असतात. पण बरेचदा सांगणाऱ्याला पुढचे सगळे माहीत असते, म्हणून त्याला पहिल्या भागाचा शेवट शांत वाटतो. नव्या वाचकाला तोच शेवट कड्यावर लटकलेला दिसतो. सुचवण्याआधी शेवटची वीस पाने पुन्हा चाळावीत आणि पुढचा भाग अस्तित्वातच नाही असे धरून वाचावीत. तरीही ती पुरी वाटली तर खुशाल सुचवावे, आणि पुढे आणखी भाग आहेत हे त्याच दमात सांगावे. एकदा दिलेली शिफारस वरचेवर तपासायलाही हवी. काल एकटे असलेल्या पुस्तकाला आज जोडभाग येतो. सॅम्युएल रिचर्डसन यांची इंग्रजी कादंबरी 'पामेला' १७४० मध्ये गाजली तेव्हा इतरांनी तिच्या परस्पर पुढच्या कथा छापायला सुरुवात केली आणि १७४१ मध्ये रिचर्डसन यांना स्वतःच पुढचे खंड लिहावे लागले. पहिली कथा त्यामुळे बिघडत नाही, पण विचारणाऱ्याला हे कळायला हवे.

लहान भाषांत वाचणाऱ्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक कड आहे. पाच भागांच्या मालिकेचा अनुवाद करायचा तर अनुवादकाची आणि प्रकाशकाची कित्येक वर्षे बांधली जातात, आणि पहिला भाग खपला नाही तर उरलेले चार कधीच येत नाहीत. मूळ भाषा न येणाऱ्या वाचकासाठी कथा तिथेच तुटते. स्वतंत्र कादंबरीचा अनुवाद झाला की ती कथा त्या भाषेत पुरी येते. कुणी अनुवादक किंवा प्रकाशक, कुठली प्रेमकथा घेऊ, असे विचारत असेल तर माझी यादी याच पुस्तकांपासून सुरू होते, आणि 'द नाइट सर्कस' तिच्यात सर्वांत वर आहे.